जुन्या टेबलाचें स्थलांतर

पूल म्हटलें कीं वऱ्हाडांतील माणसास पूर्णा नदीवरचा पूल आठवतो. येथें त्या पुलाचा विचार नाहीं. हिरव्या बनातीनें मढविलेल्या सहा खिशांच्या टेबलावर पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा चेंडू मांडून लांब काठीनें जो खेळ खेळतात, त्या पूल नांवाच्या खेळाच्या टेबलाचा हा विचार आहे. नांवाचा उगमहि जाणून घेण्यासारखा आहे. खेळणाऱ्यांनीं थोडे थोडे पैसे एकत्र टाकावयाचे व जिंकणाऱ्यानें ते उचलावयाचे, अशा एकत्र केलेल्या पैजेच्या रकमेस इंग्रजींत पूल म्हणत. त्यावरून खेळाला तें नांव पडलें. म्हणजे नांवांतच पैज आहे. जुनें टेबल विकत घेणारा मनुष्य तर हातीं काठी धरण्यापूर्वींच एक पैज लावून बसतो. ती अशी कीं, अमरावतीस जें टेबल सपाट होतें, तें अकोल्यासहि सपाट राहील.

या पैजेंत घात कोठें कोठें होतो हें कळावें म्हणून एक कल्पित प्रसंग घ्यावा. अकोल्याच्या जठारपेठेंत एक तरुण आहे. पदवी घेऊन दोन वर्षें झालीं, नोकरी मनासारखी लागत नाहीं. घराच्या तळमजल्यावर, जेथें वडिलांचें सरकीपेंडीचें दुकान होतें, ती १९ फूट लांब व साडेचौदा फूट रुंद खोली वडिलांच्या मागें रिकामी पडलेली आहे. तेथें खेळाची खोली काढावी असें त्याच्या मनानें घेतलें. भांडवल म्हणजे आईनें पोस्टांत ठेवलेली रक्कम. दुसरें कांहीं नाहीं. त्याचे मामा अमरावतीस राजापेठेंत राहतात. एके दिवशीं मामांचा फोन आला.

“अरे, येथें एक पूल पार्लर बंद होत आहे. नव्या टेबलाच्या एकतृतीयांश किंमतींत टेबल देतात. महिनाअखेर त्यांना जागा रिकामी करून द्यावयाची आहे. तूं पैसे घेऊन ये आणि मोकळा हो.”

“मामा, तुम्ही स्वतः पाहिलें का?”

“पाहिलें म्हणजे काय? चांगला हात मारून पाहिला. भक्कम आहे.”

बैल विकत घेतांना त्याच्या पाठीवर थाप मारून कोणी पैसे देत नाहीं. त्याचे दांत पाहतात. टेबलालाहि दांत असतात, आणि ते बनातीच्या खालीं झांकलेले असतात. ते म्हणजे दगडी फरशा. चांगल्या टेबलाचा पृष्ठभाग लांकडाचा नसतो. तो पाटीच्या दगडाचा असतो. शाळेंत ज्या पाटीवर मुळाक्षरें गिरविलीं जात, त्याच जातीचा हा दगड. मूळचा तो चिखल. भूगर्भांतील दाबानें व उष्णतेनें त्याचे थर घट्ट झाले, आणि म्हणून तो पातळ, सपाट तुकड्यांत फुटतो व घासला असतां आरशासारखा एकपातळीचा होतो. ओल लागून तो फुगत नाहीं, उन्हानें वांकत नाहीं. वऱ्हाडच्या काळ्या पाषाणांत हा गुण नाहीं. आंध्र प्रदेशांतील मार्कापूरच्या पाट्या एके काळीं शाळाशाळांत असत. खेळाच्या टेबलांसाठीं मात्र वेल्स आणि पुढें इटली येथील दगड नांवाजला. लंडनच्या जॉन थर्स्टननें १८२६ च्या सुमारास लांकडी पृष्ठभाग सोडून हा दगड वापरण्यास सुरुवात केली. पुढें १८४५ च्या सुमारास गंधक घालून तापविलेलें, थंडींत कडक न होणारें रबर कडेच्या गाद्यांना मिळालें. तेव्हांपासून आजपर्यंत टेबलाचा सांगाडा तोच आहे: खालीं लांकूड, मधें दगड, वर लोकर, कडेला रबर. यांतील दगड तेवढा चिरकाल टिकतो. बाकीचें सारें झिजावयाचें व बदलावयाचें असतें. जुनें टेबल विकत घेणें म्हणजे दगड विकत घेणें, ही गोष्ट मामांस कोणीं सांगितलेली नव्हती.

सुदैवानें मामांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री होते. सुतारकामांत जन्म गेलेला, आणि अशीं टेबलें उभारण्याचें व उतरविण्याचें काम अनेक वर्षें केलेलें. भाचा अमरावतीस आला तेव्हां त्यानें मिस्त्रींना बरोबर घेतलें, आणि पैसे मात्र आईकडेच ठेवून आला. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या झाल्या.

मिस्त्री आंत शिरल्यावर टेबलाकडे न पाहतां प्रथम जमिनीवर बसले आणि विजेरी घेऊन टेबलाखालीं शिरले. मामा म्हणाले, “मिस्त्री, टेबल वर आहे.”

“वरून दिसते ते कपडा होय भाऊ,” खालून उत्तर आलें. “टेबल खालते हाये.”

खालून पाहण्याचें कारण असें कीं, स्वस्त टेबलांत दगडाऐवजीं दाबलेल्या लांकडी भुशाची फळी घालतात. बनात चढविल्यावर दोन्हीं सारखींच दिसतात. फळीचें टेबल एकदोन पावसाळ्यांत मधोमध बसतें, आणि मग त्यावर जेवणाचीं ताटें मांडण्यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं. खालून पाहिल्यास दगडाची करडी, थंड कड दिसते. बोटाच्या पेरानें ठोकल्यास दगड टणक वाजतो, फळी ढब् ढब् करते. मिस्त्रींनीं ठोकून पाहिलें. दगड होता, आणि एक नव्हे, तीन फरशा होत्या. मग त्यांनीं पायांच्या तळाशीं नख रोवून पाहिलें, कारण वऱ्हाडांत लांकडाचा पहिला शत्रु उधई. पाय वरून शिसवी दिसतो व आंतून भुसा झालेला असतो. कडेच्या गादीवर अंगठा दाबून पाहिला. रबर मेलें असेल तर तें लांकडासारखें लागतें, जिवंत असेल तर अंगठ्याला परत ढकलतें. शेवटीं एक चेंडू एका टोकाकडून जोरानें मारला. तो टेबलाची लांबी चार वेळां तोडून थांबला. मिस्त्रींनीं मान हलविली, म्हणजे रबर चालण्यासारखें होतें. त्यानंतर दुसरा चेंडू अगदीं हळू, जणूं झोपेंत असल्यासारखा, सोडला. जोराचा चेंडू टेबलाचे दोष लपवितो. हळू चेंडू ते सांगतो. तो शेवटच्या हातभर अंतरांत डावीकडे वळला.

मामांचा चेहरा उतरला. मिस्त्रींना मात्र त्यांत विशेष वाटलें नाहीं. टेबल एका जागीं दहा वर्षें उभें असेल तर जमीन हलते, पाचर दबते, फरशी केसभर खालीं जाते. हें टेबल उतरवून पुन्हा मांडावयाचेंच होतें. वळण फरशीच्या सांध्यापाशीं आहे कीं फरशीच्याच पाठीवर आहे, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर बनात काढल्याशिवाय मिळणार नव्हतें. म्हणून व्यवहार असा ठरला: थोडा इसार आज द्यावयाचा, उरलेली रक्कम बनात काढून तिन्ही फरशा उघड्या पाहिल्यावर, एखादी फरशी आरपार तडकलेली निघाल्यास इसार परत. विक्रेत्यास घाई होती, तरी त्यानें चार ओळी लिहून सही केली. अशा चार ओळींना लाजण्याचें कारण नाहीं. आप्तेष्टांच्या ओळखीनें जे व्यवहार होतात, त्यांतच त्या ओळींची गरज अधिक असते.

मामांच्या मनांत आणखी एक बेत होता. कँपांतील एका जुन्या बंगल्यांत मोठें बिलियर्डचें टेबल धूळ खात पडलें होतें आणि मालक तें जवळजवळ फुकट द्यावयास तयार होता. “घ्यावयाचेंच तर तें घे, साहेबांच्या काळचें आहे,” असा त्यांचा आग्रह. मोठ्या टेबलाचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु तें फुकट कां मिळतें हेंहि पाहिलें पाहिजे. इंग्रजी पद्धतीचें पुरें टेबल १२ फूट लांब व ६ फूट रुंद, आठ पायांचें असतें. त्याचा दगड पावणेदोन ते दोन इंच जाड आणि पांच फरशांत विभागलेला; एकेका फरशीचें वजन सुमारें १६० ते १९० किलो भरतें. त्याभोंवतीं काठी मोकळेपणीं फिरावी तर खोली २२ फूट लांब व १६ फूट रुंद हवी. पूलचें नऊ फुटी टेबल त्या मानानें लहान: खेळण्याची जागा १०० इंच लांब व ५० इंच रुंद, दगड सुमारें एक इंच जाड, तीन फरशांत. चार फूट दहा इंच लांबीची काठी दोन्ही बाजूंस धरली तर त्याला १८ फूट लांब व जवळजवळ १४ फूट रुंद खोली लागते. जठारपेठेंतील खोली तेवढी होती. बंगल्यांतलें टेबल तींत गेलें असतें तर खेळणारे रस्त्यावर उभे राहिले असते.

तथापि मोठ्या टेबलाचा वऱ्हाडाशीं असलेला एक दूरचा संबंध सांगण्यासारखा आहे. पूलचें भावंड जो स्नूकर, त्याचा जन्म जबलपूरचा. १८७५ सालीं तेथील छावणींत नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें चालू खेळांत रंगीत चेंडूंची भर घालून हा खेळ जुळविला, आणि १८८२ सालीं उटकमंडच्या क्लबांत त्याचे नियम लिहिले गेले. जबलपूर पुढें १९०३ पासून १९५६ पर्यंत अमरावती-अकोल्याच्याच प्रांतांत, मध्यप्रांत-वऱ्हाडांत, होतें. म्हणजे ज्या खेळास जग विलायती समजतें, तो एका अर्थीं शेजारच्याच अंगणांत जन्मला. टेबलें मात्र बहुधा जहाजानें मुंबईस उतरत आणि १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोहोंचलेल्या लोहमार्गानें आंत येत. फरशांचे तुकडे पाडण्याचें कारण येथेंच सांपडतें. बारा फुटांचा अखंड दगड खाणींतून काढणें कठीण, जहाजांत चढविणें त्याहून कठीण, आणि घाटांतून नेणें तर वेडेपणाच. हें फर्निचर जन्मापासूनच खोलून नेण्यासाठीं बनविलेलें आहे. जो तें अख्खें उचलूं पाहतो, तो त्याच्या घडणीविरुद्ध जातो.

आणि नेमकें तेंच करण्याचा सल्ला विक्रेत्यानें दिला. महिनाअखेर जवळ आलेली, “बारा माणसें लावा, अख्खें उचला, ट्रकांत ठेवा, तासाचें काम,” असें त्याचें म्हणणें. मामांनाहि तें पटलें, कारण त्यांत मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी वांचत होती. मिस्त्री शांतपणें म्हणाले, “अख्खं उचललं त टेबल निघन बाप्पा. पन अकोल्यात पोहोचन तो लाकूडफाटा असन.” बारा माणसें एकाच वेळीं एकाच उंचीस कधीं उचलीत नाहींत. कोपरा इंचभर आधीं उठला कीं सांगाडा पिळतो, फरशांचे सांधे तुटतात, आणि खिशाच्या खांचेपाशीं, जेथें दगड अरुंद असतो, तेथून तडा जातो. नाण्यावर चालणाऱ्या लहान टेबलांत एकच अखंड फरशी असते. तीं तेवढीं अख्खीं हलवितात. तीन फरशांच्या टेबलास तो न्याय लागूं नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काम सुरू झालें. आधीं मोबाइलवर चोहोंबाजूंनीं फोटो काढले. हें काम भाच्याचें. मग खिसे सोडविले, खालून बोल्ट काढून कडेच्या सहा गाद्या सुट्या केल्या. प्रत्येक गादीच्या पाठीवर अंक, आणि त्या गादीचे बोल्ट त्याच अंकाच्या डबींत. मामीनें चिवड्याच्या रिकाम्या डब्या दिल्या होत्या. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु सारे बोल्ट एका पिशवींत टाकणारा मनुष्य पुढें अर्धा दिवस त्या पिशवीकडे पाहत बसतो. बनातीच्या पिना काढून ती गुंडाळली. जुनी बनात पुन्हा चढविण्याच्या नादीं लागूं नये; ती एकदां ताणलेली असते, दुसऱ्यांदा तशी ताणत नाहीं, आणि लोकरींत कसर शिरलेली असेल तर नवें टेबल घेतल्याबरोबर कीड घरांत येते. मिस्त्रींनीं तिचे तुकडे केले ते फरशांमध्यें घालण्यासाठीं.

बनात निघाली आणि तिसऱ्या फरशीच्या कोपऱ्यांत, खिशाच्या खांचेपासून निघालेली, वीतभर लांबीची केसासारखी रेघ दिसली.

कोणी बोललें नाहीं. विक्रेता खिडकीबाहेर पाहूं लागला. भाच्याला आईच्या पासबुकाची आठवण झाली असेल. त्यानें करारांतील चार ओळींकडे पाहिलें. मामा, ज्यांनीं हात मारून पाहिलें होतें, ते सर्वांत अधिक ओशाळले. मिस्त्रींनीं रेघेवर पाणी शिंपडून पुसलें. ओल रेघेंत किती शिरते त्यावरून खोली कळते. मग खालून विजेरीनें पाहिलें. रेघ आरपार गेलेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती कडेच्या गादीच्या खालीं येत होती. चेंडू जेथें फिरतो त्या जागेंत तिचा शिरकाव नव्हता. बाहेरच्या बाजूनें खालच्या लांकडी पट्टीचा आधार दिला तर ती वाढण्याचें कारण नव्हतें. परंतु करार “आरपार तडा” असा होता. शब्दाप्रमाणें पाहतां व्यवहार मोडतां येत नव्हता, आणि न्यायानें पाहतां पुरी किंमत देणेंहि बरोबर नव्हतें. अर्ध्या तासाच्या बोलण्यानंतर विक्रेत्यानें नवी बनात घेण्याइतकी रक्कम सोडली. त्यानें तड्याची माहिती आधीं नव्हती असें सांगितलें. तें खरें मानण्यास हरकत नाहीं, कारण बनातीखालीं पाहण्याची संवय विकणाऱ्यालाहि नसते.

पुढचें काम अधिक जोखमीचें. फरशा सांगाड्यास स्क्रूंनीं आवळलेल्या असतात आणि स्क्रूंच्या माथ्यांवर मेण किंवा प्लास्टर भरलेलें असतें. तें कोरून काढल्याशिवाय पहार लावणें म्हणजे दगड फोडणें. सांध्यांतील मेण पातळ पात्यानें कापलें. प्रत्येक फरशीच्या खालच्या अंगावर अंक व खिडकीकडे रोखलेला बाण रंगविला; फरशा एकमेकींशीं घासून जुळविलेल्या असल्यामुळें पहिलीच्या जागीं तिसरी बसत नाहीं. एकेक फरशी सुमारें ८५ किलोची, म्हणजे जुन्या मापानें सव्वादोन मणांहून थोडी अधिक. तीन हमाल लागले. आडवी फरशी दोन टोकांनीं धरली तर स्वतःच्याच वजनानें मधें वांकून तुटते. ती कडेवर उभी करूनच न्यावयाची. शहाबादी फरशी गाडींतून नेहमीं उभी येते हें वऱ्हाडांतील प्रत्येक गवंड्यास ठाऊक आहे. पूलच्या टेबलाची फरशी तिचीच श्रीमंत बहीण. जमिनीवर टेकवितांना खालीं लांकडी पट्टी, आणि बोटें कडेखालीं कधींहि नाहींत. दगडाचें नुकसान भरून येतें, बोटाचें येत नाहीं. हमालांपैकीं एकजण खांचेंत हात घालून उचलूं लागला तेव्हां, दिवसभरांत एकदांच, मिस्त्री ओरडले.

प्रवास त्या मानानें सोपा झाला. अमरावती-अकोला अंतर शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे, आणि या रस्त्याचें नांव जून २०२२ मध्यें जगभर झालें होतें: राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती व अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनेसच्या विक्रमांच्या नोंदींत त्याचा समावेश झाला. फरशीला विक्रमाचें सोयरसुतक नाहीं, परंतु खड्ड्याचें आहे. लहान ट्रकांत फरशा लांबीच्या दिशेनें उभ्या करून मधें बनातीचे तुकडे व गोधड्या घातल्या, दोन्ही बाजूंस पाचरी ठोकल्या, दोरखंडानें आवळल्या. मे महिना होता. वऱ्हाडांत त्या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून पहांटेच निघून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू या वाटेनें ऊन चढण्यापूर्वीं मंडळी अकोल्यास आली.

दारांत आई उभी होती. तिनें उभ्या दगडांकडे पाहून विचारलें, “दादा, हें टेबल कीं समाधि?” टेबलाबद्दल तिचा खरा आक्षेप वजनाचा नव्हताच. असल्या खोल्यांत मुलें बिघडतात, पैसे लावून खेळतात, असें तिनें ऐकलें होतें. आणि खेळाच्या नांवाचा उगम पाहतां तिची शंका निराधार म्हणवत नाहीं. मुलानें तिला पुण्याच्या विल्सन जोन्सची गोष्ट सांगितली. १९२२ सालीं पुण्यांत जन्मलेल्या या खेळाडूनें १९५८ सालीं कलकत्त्यास बिलियर्डचें जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविलें आणि १९६४ सालीं तें पुन्हा जिंकलें. वैयक्तिक खेळांत जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरांनीं तेंच पद १९७७, १९८१ व १९८३ असें तीनदां मिळविलें. आईनें सारें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें कीं, हे लोक रात्रीं किती वाजतां घरीं येत. शेवटीं खोली रात्रीं नवाला बंद होईल आणि पैसे लावून खेळ होणार नाहीं, असें तिनें कबूल करून घेतलें. करारपत्र येथें लिहिलें गेलें नाहीं, तरी तें अमरावतीच्या कागदाहून कडक होतें.

टेबल मांडण्यास दीड दिवस लागला. आधीं सांगाडा उभा करून पाणसळीनें चोहोंकडून पाहिला. मग फरशा अंकाप्रमाणें ठेवून सांध्यावरून नख फिरवावयाचें. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें नखाला अडतें. जेथें नख अडलें तेथें फरशी व सांगाडा यांच्यामध्यें मिस्त्रींनीं मामांच्या खिशांतील पत्त्यांच्या जोडांतून एक पान काढून सरकविलें. ही थट्टा नव्हे. पत्त्याचें पान सर्वत्र सारख्या जाडीचें, दबावाखालीं न चुरगळणारें, आणि कोठेंहि मिळणारें; परदेशांतील कारागीरहि तेंच वापरतात. पांच पानें गेलीं. सांध्यांत काय भरावें यावर मिस्त्री जरा थांबले. मेण भरलें तर पुढें खोलतांना सोपें. परंतु तें ६२ अंशांच्या पुढें वितळत असलें तरी त्याच्या पुष्कळ आधीं मऊ होतें, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत बंद खोलींत तें चेंडूच्या वाटेंत फुगवटा धरूं शकतें. प्लास्टर उन्हास भीत नाहीं, पण जमीन हलली तर भेगाळतें. त्यांनीं प्लास्टर पसंत केलें, वरून घासून सपाट केलें, नवी बनात ताणून बसविली आणि गाद्या आवळल्या. संध्याकाळीं हळू सोडलेला चेंडू रेघेवरून गेल्यासारखा गेला.

जातांना मिस्त्री म्हणाले, “पावसाळा सरला का एक चक्कर माराव लागन.” मामांस वाटलें, म्हातारा आणखी एका दिवसाची मजुरी पिकवीत आहे.

परंतु मिस्त्रींना अकोल्याची जमीन ठाऊक होती. कपाशीची काळी माती उन्हाळ्यांत आटून अशी भेगाळते कीं भेगेंत हात जावा; पावसाचें पाणी पिऊन तीच फुगते आणि वरच्या भिंती, फरशा, उंबरे उचलते. ज्या घराच्या जोत्यांत पुरेसा मुरूम भरलेला असतो तेथें ही हालचाल कमी; जुन्या दुकानाच्या खोलींत तो कोण पाहतो? मे महिन्यांत लावलेली पाणसळ भाद्रपदांत खोटी ठरते. तसेंच झालें. गणपतीच्या दिवसांत हळू चेंडू रस्त्याच्या भिंतीकडून आंत वळूं लागला. मामा आले होते, त्यांनीं लगेच तिसऱ्या फरशीच्या तड्यावर खापर फोडलें आणि विक्रेत्यास फोन करण्याची तयारी केली. भाच्यानें त्यांना थांबविलें. त्यानें पाणसळ प्रथम टेबलावर न ठेवतां खोलीच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा रस्त्याकडे सरकला. म्हणजे तिकडची जमीन उचलली होती. बाहेर जाऊन पाहिलें तर छपराची पन्हळ नेमकी त्याच भिंतीच्या पायाशीं गळत होती, आणि तेथील माती चार महिने पाणी पीत होती.

कोजागिरीनंतर, माती वाळूं लागल्यावर, मिस्त्री आले. तोंवर पन्हळीचें पाणी नळीनें रस्त्याच्या गटारांत सोडलें होतें. त्यांनीं बनातीस हात लावला नाहीं. आंतल्या बाजूच्या दोन पायांखालीं पत्र्याच्या चकत्या सारल्या, आणि एका सांध्यापाशीं खालून आणखी दोन पानें सरकविलीं. तिसऱ्या फरशीची रेघ जेथें होती तेथेंच होती, वीतभर. मजुरी देतांना मामांनीं या वेळीं घासाघीस केली नाहीं. त्यांच्या पत्त्यांच्या जोडांतील सात पानें आतां टेबलाखालीं आहेत, आणि उरलेल्या पंचेचाळीस पानांत रमी जमत नाहीं.